फट अरुंद करा, प्रकाश पसरतो: विवर्तन आणि व्यतिकरण घरच्या घरी

हे वाचता वाचताच एक करून बघा. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना जवळजवळ टेकवा, मधे जेमतेम उजेड येईल एवढीच फट ठेवा. हात डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर धरा, दुसरा डोळा मिटा आणि त्या फटीतून ट्यूबलाइटकडे बघा. सूर्याकडे चुकूनही नाही. आता बोटं अगदी हळू जवळ आणत जा. फट पूर्ण मिटायच्या क्षणभर आधी तिच्यात बोटांना समांतर अशा बारीक काळ्या रेघा दिसतात.

त्या रेघा बोटांवर नाहीत. तिथे काही आडही आलेलं नाही. फटीतून आलेल्या प्रकाशानेच काही जागी स्वतःला पुसून टाकलंय. हे कसं होतं ते समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. साधा लाल लेसर पॉइंटर, दोन ब्लेडं, डोक्यावरचा एक केस आणि जुनी सीडी एवढ्यावर सगळं होतं. मी अकरावी-बारावीच्या मुलांना सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी हे करायला लावतो. ज्याने भिंतीवरचा पट्टा स्वतःच्या हाताने रुंद होताना पाहिलाय, त्याला सूत्र पाठ करावं लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आधी आवाजाचं उदाहरण

स्वयंपाकघरातून आईने मारलेली हाक बाहेरच्या खोलीत ऐकू येते. मधे भिंत असली तरी दार उघडं असलं की पुरे. आई मात्र दिसत नाही. आवाज ही लाट, प्रकाशही लाट. मग एक दारातून वळते आणि दुसरी वळत नाही, असं का?

फरक आहे लाटेच्या लांबीचा. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. ५०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी हवेत साधारण ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे जवळपास दाराच्या रुंदीएवढी. लाल लेसरची तरंगलांबी सुमारे ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटर. एका मिलिमीटरमध्ये अशा दीड हजार लाटा मावतात. एवढ्या बारीक लाटेसाठी आपलं दार म्हणजे मोकळं मैदान. ती पसरलेली डोळ्यांना दिसायला हवी असेल तर दारही तसंच बारीक हवं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी.

लाट अरुंद जागेतून बाहेर पडताना पसरते, कडेला वळते, त्याला विवर्तन म्हणतात. एकाच ठिकाणी येऊन पोचलेल्या लाटा एकमेकींना वाढवतात किंवा मिटवतात, ते व्यतिकरण. वर्गात आपण त्यांना डिफ्रॅक्शन आणि इंटरफरन्स म्हणतो, आणि पुस्तकात ती दोन वेगळी प्रकरणं असल्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखं वाटत राहतं. तशा त्या नाहीत. फटीच्या प्रत्येक बिंदूतून लाटा निघतात, त्या पुढे जाऊन एकमेकींत मिसळतात, आणि त्यातूनच विवर्तनाचे पट्टे तयार होतात.

सामान आणि एक कडक सूचना

लाल लेसर पॉइंटर, दाढीची दुधारी ब्लेडं, एखादी जुनी लग्नपत्रिका (तिचा जाड कागद या कामाला फार चांगला), सेलोटेप, मोजायची टेप, पेन्सिल, आलेख कागद, सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी, कापूर. लेसरचं बटण दाबून ठेवायला कपडे वाळत घालायचा चिमटा. लेसर हातात धरू नका, पुस्तकांच्या चळतीवर ठेवून चिकटवून टाका. हात थरथरला की पट्टेही थरथरतात.

लेसर कोणाच्याही डोळ्याकडे, रस्त्यावर, आकाशाकडे किंवा जनावरांकडे रोखायचा नाही. फटीला डोळा लावून लेसरकडे बघायचं नाही, कधीच नाही. जे काही बघायचं ते भिंतीवर. बोटांच्या फटीतून ट्यूबलाइट बघितली तशी लेसरकडे बघायची चूक नवखा माणूस सहज करतो, म्हणून पुन्हा सांगतो. हिरवे स्वस्त लेसर टाळा. त्यांची ताकद लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघू शकते, आणि काहींतून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात. लेसर उंचीला डोळ्यांच्या पातळीत ठेवू नका. मुलं असतील तर बटण मोठ्या माणसाच्या हातात राहू दे.

पहिला प्रयोग: दोन ब्लेडांमधली फट

ब्लेड कागदी वेष्टनातच ठेवून लांबीत वाकवा, त्याचे दोन अर्धे तुकडे होतात. लग्नपत्रिकेत दोन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा. एक तुकडा खिडकीवर उभा चिकटवा, धार खिडकीच्या मधोमध येईल असा. दुसरा तुकडा त्याच्यासमोर ठेवा, पण समांतर नाही. खालच्या टोकाला दोन्ही धारा टेकू द्या आणि वरच्या टोकाला मधे वहीच्या कागदाची घडी सरकवून किंचित अंतर ठेवा. टेप लावा, मग कागद काढून घ्या. आता तुमच्याकडे वर रुंद आणि खाली शून्यापर्यंत निमुळती होत गेलेली फट आहे.

मुद्दाम निमुळती करायला सांगतोय. समांतर फट केली तर एकच चित्र दिसतं. निमुळत्या फटीत ‘रुंद’ आणि ‘अरुंद’ हे दोन्ही एकाच पत्रिकेवर मिळतात आणि मधला प्रवास डोळ्यांसमोर घडतो.

खोलीत अंधार करा. पत्रिका लेसरसमोर उभी करा आणि समोरची भिंत तीन मीटरवर तरी असू द्या. प्रकाश आधी फटीच्या वरच्या, रुंद भागातून जाऊ द्या. भिंतीवर जवळजवळ साधा ठिपका दिसेल, कडेला थोडा ओघळल्यासारखा. आता पत्रिका सावकाश वर उचला, म्हणजे प्रकाश फटीच्या खालच्या, चिंचोळ्या भागाकडे सरकेल. ठिपका आडवा ताणला जाऊ लागतो. मधे एक ठळक लाल पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रेघा, पुढे मंद पट्टे, पुन्हा काळ्या रेघा. आणखी उचला. मधला पट्टा बोटाएवढा होतो, मग तळहाताएवढा. मग फट मिटते आणि भिंत काळी.

फट उभी आहे, पण प्रकाश पसरतो आडवा. फट जितकी आवळावी तितका तो फैलावतो. गाळणीने, चाळणीने, नळाच्या तोटीने आपल्याला आयुष्यभर याच्या उलट शिकवलेलं असतं, त्यामुळे इथे थांबून दोन-तीन वेळा पत्रिका वर-खाली करून बघावी असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे मुलं भिंतीपाशी जाऊन काळ्या रेघेवर बोट ठेवून पाहतात. बोटावरही ती रेघ तशीच पडते. तिथे खरोखरच प्रकाश पोचत नाही.

का पोचत नाही? फटीचे मनातल्या मनात डावा आणि उजवा असे दोन सारखे भाग करा. भिंतीवर एका बाजूला अशी जागा असते, जिथे पोचायला फटीच्या एका काठाकडून आलेल्या लाटेला दुसऱ्या काठाकडच्या लाटेपेक्षा बरोबर एक तरंगलांबी जास्त चालावं लागतं. मग त्या काठाची लाट आणि फटीच्या मधोमधून निघालेली लाट यांच्यात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. एकीचं शिखर येतं तेव्हा दुसरीचा खड्डा. दोघी मिटतात. काठाच्या शेजारचा बिंदू आणि मध्याच्या शेजारचा बिंदू, यांचंही तेच. अशी अर्ध्या भागातली प्रत्येक लाट दुसऱ्या अर्ध्या भागातल्या जोडीदाराबरोबर मिटत जाते, आणि त्या जागी काळी रेघ उमटते. तिथला प्रकाश नष्ट होत नाही, तो शेजारच्या उजळ पट्ट्यांत गेलेला असतो.

आता फट निम्मी करा. तेवढाच एक तरंगलांबीचा फरक पडायला लाटांना आता जास्त तिरपं जावं लागतं, म्हणून काळी रेघ बाहेर सरकते. पट्टा रुंद होतो तो एवढ्यामुळे.

हिशोबही सोपा आहे. मधल्या पट्ट्याच्या मध्यापासून पहिल्या काळ्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले फटीची रुंदी. फट ०.१ मिलिमीटर आणि भिंत ३ मीटरवर असेल तर हे अंतर १९.५ मिलिमीटर येतं, आणि दोन्हीकडच्या पहिल्या काळ्या रेघांमधला ठळक पट्टा ३९ मिलिमीटरचा. फट ०.०५ केली की पट्टा ७८.

काहीच दिसलं नाही, नुसता ठिपकाच राहिला, तर दहापैकी नऊ वेळा फट मोठी असते. खोलीत उजेड असेल किंवा भिंत एक मीटरवर असेल तरीही निराशा होते. अंतर वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध याच विषयावर होता, हे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांनी पाहिलं, की आयताकृती झरोक्यावर प्रकाश फार तिरपा पडला तर दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे राहत नाहीत. १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या विज्ञानाच्या नियतकालिकात तो छापून आला. तेव्हा रामन १८ वर्षांचे होते.

दुसरा प्रयोग: आपला केस मोजा

हा माझा सगळ्यात आवडता. पत्रिकेच्या तुकड्यावर पंचिंग मशीनने भोक पाडा आणि त्यावर एक केस उभा, ताणून चिकटवा. लेसरचा झोत बरोबर केसावर पडू द्या. भिंतीवर मधे लेसरचा झगझगीत ठिपका दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रांग, लाल तुकडा, काळी रेघ, लाल तुकडा, काळी रेघ.

केस म्हणजे फट नव्हे, उलट अडथळा. तरीही पट्टे तेच. एखादी फट आणि तेवढ्याच रुंदीचा अडथळा, मधला थेट ठिपका सोडला तर दोघांचं चित्र सारखं येतं. हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बाबिने यांच्या नावाने ओळखलं जातं. म्हणून वरचंच सूत्र इथे चालतं, फक्त आता रुंदीच्या जागी केसाची जाडी, आणि तीच आपल्याला काढायची आहे.

भिंतीवर आलेख कागद चिकटवा. काळ्या रेघांच्या मधोमध पेन्सिलीने खुणा करा, डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन. दिवा लावा आणि तिसऱ्या डाव्या खुणेपासून तिसऱ्या उजव्या खुणेपर्यंत मोजा. शेजारशेजारच्या दोनच रेघा मोजू नका, अर्ध्या मिलिमीटरची चूकही तिथे मोठी ठरते. आणि एक ठेच बहुतेकांना लागते ती सांगून ठेवतो: कडेच्या दोन शेजारच्या काळ्या रेघांमधलं अंतर म्हणजे एक घर धरलं, तर पहिल्या डाव्या काळ्या रेघेपासून पहिल्या उजव्या काळ्या रेघेपर्यंत एक नाही, दोन घरं असतात. मधला पट्टा दुप्पट रुंद असतो. म्हणून तिसरी ते तिसरी म्हणजे सहा घरं.

समजा केस भिंतीपासून ३ मीटरवर आहे आणि हे अंतर १५६ मिलिमीटर भरलं. सहाने भागा, एक घर २६ मिलिमीटर. आता ०.०००६५ ला ३००० ने गुणा आणि २६ ने भागा. उत्तर ०.०७५ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असतो, त्यात हे चपखल बसतं. जे साध्या पट्टीने मोजणं शक्य नव्हतं ते प्रकाशाने तीन मीटरवर नेऊन बोटाएवढं मोठं करून दाखवलं. घरातल्या सगळ्यांचे केस मोजा. जाड केसाचे पट्टे जवळजवळ येतात, बारीक केसाचे दूर दूर.

तिसरा प्रयोग: दोन फटी

कापराची वडी पेटवा आणि काचपट्टी चिमट्यात धरून ज्योतीच्या टोकावर फिरवा. काजळीचा एकसारखा काळा थर बसला पाहिजे, आरपार काही दिसू नये. काच एकाच जागी धरून ठेवली तर तडकते. थंड होऊ द्या.

आता ब्लेडचे दोन अर्धे तुकडे एकमेकांवर घट्ट ठेवा, पण एक तुकडा दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर पुढे सरकवून. दोन्ही धारा एका पातळीत काचेवर टेकवा आणि हलक्या हाताने, धारेच्या दिशेनेच, एकदाच ओढा. काजळीत दोन समांतर रेघा उमटतील. दुधारी ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, म्हणून रेघांमधलं अंतरही तेवढंच. तुकडे पुढे-मागे ठेवल्यामुळे टोकाला चार मिलिमीटर एकच रेघ राहते, ती पुढे फार उपयोगाची आहे. पहिल्या दोन-तीन काचा फुकट जातील. दोन रेघा एकात मिसळल्या किंवा मधली काजळी खरवडली गेली तर पुसून पुन्हा काजळी धरा.

लेसर जोड-रेघांवर पाडा. भिंतीवर एका फटीचा ओळखीचा रुंद पट्टा दिसेल, पण आता तो आतून चिरलेला. त्याच्या पोटात उभ्या काळ्या रेघा, सारख्या अंतरावर. ३ मीटरवर दोन शेजारच्या उजळ रेघांत साधारण १९ ते २० मिलिमीटर अंतर यायला हवं. सूत्र तेच, फक्त रुंदीच्या ऐवजी दोन फटींमधलं अंतर घ्यायचं. रुंद पट्ट्याची रुंदी फटीच्या रुंदीवर ठरते, आतल्या रेघांची दाटी फटींमधल्या अंतरावर. ही दोन मापं वेगळी आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की परीक्षेतला गोंधळ संपतो.

मग काच हळूच सरकवा, टोकाची एकटी रेघ लेसरसमोर येईल अशी. आतल्या काळ्या रेघा नाहीशा होतात. भिंतीवर जिथे दोन्ही फटी उघड्या असताना अंधार होता, तिथे एक फट बंद झाल्यावर उजेड येतो. हे वाक्य घाईत वाचून पुढे जाऊ नका, काच मागे-पुढे करून ते भिंतीवर बघा. प्रकाश म्हणजे नुसता कणांचा मारा असता तर एक दार बंद करून कुठेही उजेड वाढला नसता.

इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर २४ नोव्हेंबर १८०३ रोजी वाचलेल्या निबंधात हाच युक्तिवाद होता. तेव्हा त्यांनी दोन फटी वापरल्या नव्हत्या. खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडून सूर्याचा एक झोत आत घेतला आणि त्यात एक इंचाच्या तिसाव्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम ०.८५ मिलिमीटर जाडीची कार्डाची पट्टी कडेने उभी धरली. झोत दोन बाजूंना वाटला गेला आणि पट्टीच्या सावलीत रेघा दिसल्या. एका बाजूचा प्रकाश अडवला की सावलीतल्या रेघा गेल्या. आपण काच सरकवून केलं ते हेच.

यंग यांना आधी बारीक छिद्र का लागलं, आणि आपल्याला ते का लागत नाही? साध्या टॉर्चच्या प्रकाशात असंख्य अणू आपापल्या वेळी प्रकाश सोडत असतात. दोन टॉर्च घेतल्या तर त्यांच्या लाटांचा मेळ क्षणाक्षणाला बदलतो, पट्टे इतक्या वेगाने सरकतात की सरासरीत सगळं पुसलं जातं. एकाच छिद्रातून आलेला प्रकाश दोन वाटांनी नेला तर दोन्ही वाटांवर एकाच लाटेचे तुकडे असतात, त्यांचा मेळ टिकतो. लेसरचा प्रकाश मुळातच असा मेळ राखून येतो.

छत्री आणि सीडी

पावसाळ्यात रात्री काळ्या छत्रीच्या कापडातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे बघा. एका दिव्याच्या जागी फुलीच्या आकारात मांडलेले रंगीत ठिपके दिसतील. कापडाच्या ताण्या-बाण्यातली प्रत्येक फट आपला वाटा देते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना त्याबद्दल विचारलं. रिटनहाउस यांनी १७८५ मध्ये बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस शेजारीशेजारी ताणून बसवले आणि पहिली विवर्तन जाळी, म्हणजे सारख्या अंतरावरच्या अनेक फटींची रांग, तयार केली.

आपली जाळी म्हणजे सीडी. तिच्यावरची चाकोरी दर १.६ मायक्रोमीटरला येते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५. पत्रिकेला मधोमध भोक पाडा, त्यातून लेसर सीडीवर सरळ काटकोनात पाडा, सीडी पत्रिकेपासून बरोबर २० सेंटिमीटरवर ठेवा. परतलेला मधला झोत भोकात किंवा भोकाशेजारीच पडेल असं बघा, म्हणजे तो डोळ्यात जाणार नाही. पत्रिका दोन्हीकडे वाढवून मोठा पुठ्ठा लावा. भोकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९ सेंटिमीटरवर एकेक स्वच्छ ठिपका पडेल, आणि आणखी एक जोडी सुमारे २८ सेंटिमीटरवर. पट्टे नाहीत, ठिपके, कारण शेकडो चाकोऱ्यांच्या लाटा एकाच वेळी जुळणं फार थोड्या दिशांना जमतं.

इथून उलट जाता येतं. लेसरच्या लेबलवर बऱ्याचदा ६३० ते ६८० नॅनोमीटर एवढंच लिहिलेलं असतं. आपण ६५० धरून चाललो. सीडीची चाकोरी मात्र पक्क्या मापाची आहे. समजा पहिला ठिपका भोकापासून ९.१ सेंटिमीटरवर पडला. ९.१ आणि २० या काटकोनातल्या दोन बाजूंचा कर्ण २१.९७ सेंटिमीटर. ९.१ ला २१.९७ ने भागा, ०.४१४२ येतं, त्याला १६०० नॅनोमीटरने गुणा. तुमच्या लेसरची खरी तरंगलांबी ६६३ नॅनोमीटर आहे. आता केसाच्या वहीतल्या पानावर परत जा, ०.०००६५ खोडून ०.०००६६३ लिहा आणि भागाकार पुन्हा करा. केस ०.०७५ नव्हे, ०.०७६५ मिलिमीटर जाड आहे.